अव्वाच्या ओट्यावर वाचलेली कादंबरी

आमच्या घरात शेकडो पुस्तकं असायची आणि त्यातलं एकही आमचं नसायचं. वडील पुस्तकांची बांधणी करायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. शहरातल्या दोन-तीन वाचनालयांची फाटकी पुस्तकं पोत्यात भरून, सायकलला बांधून ते घरी आणायचे. आठ-दहा दिवस ती आमच्याकडं राहायची आणि नवा पुठ्ठा, नवी पाठ लावून परत जायची. साखर पेठेतलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढं पत्र्याची पडवी. पडवीत पुस्तकं दाबायचा दादांचा लाकडी शिकंजा, दाभणं, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. खळ गव्हाच्या पिठाची असायची, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. दुष्काळाचे दिवस होते. आम्ही रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायचो. त्या थापतानाच तुटायच्या आणि गिळताना घशाला लागायच्या. गव्हाचं पीठ मात्र खळीत जायचं. एकदा मोरचूद घालायच्या आधी मी पातेल्यात बोट बुडवून चाटायला निघाले, तर आईनं हातावर जोरात फटका मारला. मग ती भिंतीकडं तोंड करून बराच वेळ बसून राहिली.

दादा चौथीपर्यंत शिकलेले. पुस्तक हातात आलं की ते जुज, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे छोटे गठ्ठे, मोजायचे, कुठलं सुटलंय, कुठलं उलटं बसलंय ते बघायचे. वाचायचे नाहीत. पुस्तक वाचत बसलो तर बांधणार कधी, असं म्हणायचे. मी मात्र वाचायची. पुस्तक उसवलं की त्याचे जुज वेगवेगळे व्हायचे, आणि दादा ज्या क्रमानं खाली ठेवतील त्या क्रमानं मी ते उचलायची. कितीतरी कादंबऱ्या मी मधूनच वाचायला सुरुवात केली आहे. माणूस आधी मरायचं, मग त्याचं लग्न व्हायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला त्याचं काही वाटत नव्हतं. गिरणीचा भोंगा, आजूबाजूच्या मागांची दिवसभराची खटखट आणि पडवीतला तो आंबूस वास, एवढ्यात माझं सगळं वाचन झालं. आजही नवीन पुस्तक हातात घेतलं की मी नकळत वास घेते, आणि तो तसा नसतो म्हणून थोडी हिरमुसते.

आमच्या समोरच्या बोळात अंबव्वाचं घर होतं. ती अक्कलकोटकडची, विधवा, पन्नाशीची. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. तिच्या लांबलचक ओट्यावर दुपारी सात-आठ बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळायला बसायच्या. माझी आई त्यांच्यातली एक. माझी शाळा सकाळची. घरी येऊन, भाकरी नि शेंगाची चटणी खाऊन मी ओट्यावर जायची आणि आईला विडीची पानं कापून द्यायची. ओल्या पोत्यातून पान काढायचं, पत्र्याचा तुकडा त्यावर ठेवून कात्रीनं त्या मापात कापायचं. सुपाखाली मी एखादा जुज दडवून आणलेला असायचा. एकदा अव्वानं पाहिलं. मला वाटलं आता आईला सांगणार. ती म्हणाली, एकटीच काय वाचतीस, आम्हालाही कळू दे की. मी म्हटलं, पानं कोण कापणार? तेव्हा बायकांनी आपसांत ठरवून माझी पानं वाटून घेतली. त्या दिवसापासून मी अव्वाच्या ओट्यावर वाचायला लागले.

त्या बायकांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. तिघी, त्यांत नरसम्मा नि तिची सासू, घरात तेलुगू बोलायच्या, अव्वा नि तरुण सुगला कानडी. पुस्तक मराठी. अवघड वाक्य आलं की अव्वा ते कानडीत सांगायची, नरसम्मा तेलुगूत सांगायची, आणि तोवर मी थांबायची. थांबले तरी कुणाचे हात थांबायचे नाहीत. तंबाखू, पान, एक वळसा, दोरा, पुन्हा तंबाखू. हल्ली माझी सून पुण्यात आहे. तिच्याकडं दर महिन्याला बायका जमतात आणि एका पुस्तकावर बोलतात. एकदा तिनं मलाही बसवलं. सगळ्या शिकलेल्या, चांगल्या बायका. कुणी म्हणालं, ते पात्र पटलं नाही. ओट्यावर असं कुणी म्हणत नव्हतं. तिथं अव्वा मला सांगायची, त्या पोरीला म्हणावं, सासऱ्याला उत्तर देऊ नको, मार बसंल. जणू मी आत जाऊन निरोप देणार होते. सुनेकडं त्या दिवशी पुस्तक चांगलं की त्याच्यावरचा सिनेमा, यावर वाद रंगला. मी परत निघताना सुनेनं विचारलं, आई, तुम्ही एवढं वाचता आणि गप्प का बसलात? तिला जे सांगता आलं नाही ते इथं लिहिते आहे.

सुगला दुधनीची. बाविशीच्या आसपासची, उंच, सावळी. मी तिला सुगलाक्का म्हणायची. नवरा मागावर कामाला. दोन मुलं झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. ओट्यावर तिच्याएवढे चलाख हात कुणाचेच नव्हते. तिच्या विड्या मापून काढल्यासारख्या निघायच्या. कारखान्यातला तपासनीस ढिल्या विड्या बाजूला फेकायचा, पण तिच्या कधी फेकत नव्हता. ती बोलायची कमी. वाचन थांबलं की मात्र मान वर न करता विचारायची, "मुंदेनु?" पुढं काय, असा त्याचा अर्थ. हळूहळू सगळ्याच, तेलुगू बायकासुद्धा, मला मुंदेनु विचारायला लागल्या. कधी कधी ती पदर पुढं ओढून बसायची. तेव्हा कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. त्या दिवशी तिच्या तोंडावर काय असेल ते सगळ्यांना माहीत असायचं.

त्या कादंबरीचं नाव मी लिहीत नाही. ती जाड होती, पाठ तुटलेली होती, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला दादांकडं आली. एका लहान गावातल्या मुलीची गोष्ट. चांगल्या घरात दिलेली, नवरा संशयी, सासू आजारी. ती खूप सोसते. शेवटी एका पहाटे सगळं टाकून चालत भावाच्या घरी जाते. आम्ही नऊ-दहा दिवस ती वाचत होतो. एवढी कुठलीच गोष्ट ओट्यावर लागली नव्हती. नरसम्मा भाकरी करता करता घरातून ओरडून विचारायची की नवऱ्याला काही झालं का नाही. वाचनालयाचा माणूस एकदा पुस्तक मागायला आला, तर अव्वानं त्याला दादांच्या वतीनं परस्पर सांगून टाकलं की खळ वाळली नाही.

शेवटचा जुज मी शाळेतून आल्या आल्या पडवीत वाचला. ती मुलगी भावाच्या दारात पोचते. थंडी असते. ती कडी वाजवते, हाका मारते. आतून वहिनीचा आवाज येतो, मग भावाच्या खोकल्याचा. खोकला ती ओळखते. आत दिवा असतो, तो विझतो. दार उघडत नाही. लेखकानं तिला मारलं नव्हतं, विहिरीत टाकलं नव्हतं. ती पायरीवर बसून राहते आणि तिथंच कादंबरी संपते. मला रडू आलं नाही. मला राग आला. असं कुणी लिहितं का, असं वाटलं.

ओट्यावर गेले तेव्हा सुगला पदर ओढून बसली होती. त्या दिवशी पदर पुरत नव्हता. ओठ फाटला होता आणि एक डोळा बंद होता. मी वाचायला लागले. ती मुलगी चालते आहे, गाव येतं आहे, दार दिसतं आहे, इथपर्यंत छापलेलं वाचलं. मग माझी नजर सुगलाच्या हातांवर गेली. ते थांबले होते. मी ते पहिल्यांदा पाहत होते. मी पानावर डोळे ठेवले आणि तोंडानं दुसरंच बोलायला लागले. भाऊ खोकत उठला. त्यानं दिवा मोठा केला. दार उघडलं आणि म्हणाला, आलीस ना, आता कुठं जायचं नाही. पुस्तकी भाषा मला चांगली येत होती. कुणाला काही कळलं नाही. मी जुज मिटला. अव्वानं डोळे पुसले. नरसम्मा तेलुगूत सासूला सांगत होती आणि सांगताना हसत होती. सुगलानं विचारलं, "मुंदेनु?"

मी म्हटलं, संपलं. एवढंच आहे.

चार दिवसांनी सुगला ओट्यावर आली नाही. ती सकाळच्या गाडीनं दुधनीला भावाकडं गेली होती. जाताना अव्वाला सांगून गेली. बायका दिवसभर तिच्याविषयीच बोलत होत्या, पण बोलण्यात काळजी नव्हती. बरं केलं म्हणाल्या. आई म्हणाली, पुस्तकातल्या पोरीगत गेली. मला त्या वेळी काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी मान वर करून चालले असेन.

अठरा दिवसांनी ती परत आली. भाऊच घेऊन आला. मी दादांबरोबर चौकात उभी होते आणि ते दोघं स्टेशनकडून चालत येताना पाहिले. भाऊ पुढं, हातात तिची पिशवी, डोक्याला टोपी, चांगला साधा माणूस वाटत होता. ती मागं. त्यानं तिला नवऱ्याच्या दारात सोडलं, आत जाऊन पाणी प्यायला आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. तो गेल्यावर जे झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मागांची खटखट चालू होती, तरी ऐकू आलं. अव्वा दार वाजवायला गेली, दोन पुरुष गेले. दार उघडायला वेळ लागला. सुगलाचा उजवा हात मनगटाशी मोडला होता. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं, पण ते काढल्यावर मनगट वाकडंच राहिलं. बोटं मिटायची, पण पूर्ण मिटायची नाहीत. ती पुन्हा ओट्यावर येऊन बसली तेव्हा तिच्या विड्या ढिल्या निघू लागल्या आणि तपासनीस त्या फेकायला लागला. बायका आपल्या चांगल्या विड्या तिच्या कट्ट्यांत, म्हणजे जुड्यांत, घालायच्या. ती ते बघायची. मी वाचत होते, दुसरं काहीतरी, हलकंफुलकं. तिनं पुन्हा मुंदेनु विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्या कादंबरीवरचा सिनेमा आला. टांग्याला कर्णा बांधून जाहिरात करत माणूस पेठेतून फिरला आणि नाव ऐकून नरसम्मा धावत आमच्याकडं आली. ओट्यावरच्या कुणीच फारसे सिनेमे पाहिलेले नव्हते. पण हा आपला होता, वाचलेला होता. अव्वानं पुढाकार घेतला आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही आठजणी दुपारच्या खेळाला निघालो. सुगला येईल असं वाटलं नव्हतं. तिचा नवरा त्या दिवशी गावी गेला होता. ती निघाली, माझ्या शेजारून चालली. मी वाटभर घाबरलेली होते. पडद्यावर दार उघडणार नाही आणि सगळ्यांना कळणार की मी खोटं वाचलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बायकांच्या बाकांवर आम्ही दाटीनं बसलो. पंखे फिरत होते नि वारा येत नव्हता. सिनेमात पुष्कळ बदललेलं होतं. गाव मोठं केलेलं, सासू खाष्ट केलेली, मधे गाणी. बायका एकमेकींना सांगत होत्या, हे पुस्तकात न्हवतं की. मग ती पहाट आली. पोरगी दारात पोचली. कडी वाजवली. मी डोळे मिटून घेतले. आणि वाद्यं वाजायला लागली. डोळे उघडले तर पडदाभर प्रकाश होता. दार उघडलं होतं. भाऊ बहिणीला पोटाशी धरत होता आणि म्हणत होता की आता कुठं जायचं नाही. जवळपास माझेच शब्द. ज्यांनी तो सिनेमा काढला त्यांनाही माझ्यासारखंच वाटलं असणार. अख्खं थेटर रडत होतं. नरसम्मा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, अगदी तू वाचलीस तसंच. माझी सुटका झाली होती. मी सुगलाकडं वळले.

शेजारची जागा रिकामी होती. सुगला उठून बाहेर गेली होती. मी तिच्या मागं गेले. ती सायकली लावायच्या जागेजवळ सावलीत उभी होती. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"माज्या भावानं पण दार उगडलं," ती म्हणाली. "लगेच उगडलं. असंच जवळ घेतलं. मग आठ दिवसांनी वहिनी बोलायची थांबली. मग जेवायला सगळ्यांच्या मागनं वाढायला लागले. मग एक दिवस भाऊ म्हणाला, चल, सोडतो. ते का न्हाई दाखवत? तू पण न्हाई वाचलीस. दारापाशी संपलं म्हणालीस."

तेव्हा मी सांगितलं. दार उघडत नाही, असं पुस्तकात आहे. मी बदललं. तिला समजायला थोडा वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं, दिव्याचं सांगितलं, खोकल्याचं सांगितलं. ती ओरडली नाही.

"म्हंजी ते लिवणाऱ्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "भाऊ काय असतो ते त्याला ठाऊक होतं. त्यानं सांगितलं होतं, आन् तू मदीच दडवलीस."

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मला त्या वाक्याची आजही लाज वाटते.

"मला वाईट कशाचं वाटतं ते तू ठरवू नको," ती म्हणाली. मग बायका डोळे पुसत बाहेर आल्या आणि आम्ही सगळ्या घरी निघालो. वाटेत त्या सिनेमाचं कौतुक करत होत्या.

दोन दिवस मी ओट्यावर गेले नाही. पोट दुखतं म्हणून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी दादांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ते पुठ्ठा कापत होते. कापून झाला तेव्हा बोलले. म्हणाले, पुस्तकातलं पान गेलेलं असेल तर मी काय करतो? मी म्हटलं, कोरा कागद घालता. ते म्हणाले, "कोरा घालतो. वाचणाऱ्याला कळावं, हितं कायतरी होतं म्हणून. दुसऱ्या पुस्तकाचं पान फाडून बसवत न्हाई." त्यांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. सायकल काढली आणि तासाभरानं ती कादंबरी घेऊन आले. त्यांनीच बांधलेली. वाचनालयात काय सांगून आणली ते मला कधी कळलं नाही.

मी ओट्यावर गेले आणि उभ्यानंच सांगितलं की मी शेवट खोटा वाचला होता, आता खरा वाचते. आईच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. मी शेवटची चार पानं वाचली. दिवा विझला, ती पायरीवर बसली, संपलं. अव्वानं या वेळी कानडीत काही सांगितलं नाही. नरसम्मानं तेलुगूत सांगितलं नाही. नरसम्माची सासू विचारत राहिली, काय झालं, काय झालं. सुगला म्हणाली, पुन्हा एकदा वाच. मी वाचलं. तिनं मान हलवली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी. त्यानंतर त्या ओट्यावर कुणी मला वाचायला सांगितलं नाही. माझी पानं मला परत मिळाली. मी खाली मान घालून कापत राहिले. आई घरी माझ्याशी बोलायची, ओट्यावर बोलायची नाही. सगळ्या मिळून एखाद्याला टाकतात तसं नव्हतं ते. त्या माझ्याशी चांगल्याच वागत होत्या. फक्त माझ्या तोंडून आलेल्या गोष्टीवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

मी पुढं शाळेत शिक्षिका झाले, आयुष्यभर पोरांना धडे वाचून दाखवले. दुःखाचा धडा आला की काही शिक्षक तो उरकतात किंवा गाळतात. मला ते कधी जमलं नाही. मुलं रडली तरी मी वाचायची. काही पालक तक्रार घेऊन यायचे. ती ऐकून घेऊन मी पुन्हा वर्गात जायची आणि उरलेला धडा वाचायची.

पावसाळ्यात एका दुपारी सुगला आमच्या पडवीत आली आणि दादांसमोरच मला म्हणाली, मला अक्षरं शिकव. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आता पुरे झालं. मी तिला शिकवलं. उजव्या हातात पेन्सिल धरवत नव्हती म्हणून ती डाव्या हातानं गिरवायची. दादा वाया गेलेले कागद तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. ती कडक विद्यार्थिनी होती. मी एखादा शब्द तिच्याआधी म्हटला तर ती हात वर करून मला गप्प करायची. दिवाळीनंतर ती जोडाक्षरांपर्यंत आली आणि संक्रांतीला तिनं ती शेवटची चार पानं स्वतः वाचली. एका दुपारीत एक पान, अशी चार दुपारी. शेवटी मी विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, आता मला माहीत हाय की तू बरोबर वाचलीस. आमच्यात माफीचं बोलणं एवढंच झालं, आणि ते माफीचं होतं की नाही हेही मला सांगता येत नाही.

त्याच वर्षी इथले माग बंद पडायला लागले. पेठेतली बरीच घरं भिवंडीला गेली. सुगलाचा नवराही गेला आणि तिला घेऊन गेला. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. अव्वानं धपाटे बांधून दिले. गाडी हलली तेव्हा सुगला फलाटावरच्या पाट्या वाचत होती. ओठ हलताना दिसत होते.

दिवाळी होऊन महिना गेल्यावर तिचं पोस्टकार्ड आलं. अक्षर डावीकडं कललेलं, पण एकही मात्रा चुकलेली नव्हती. वर चार दिवसांपूर्वीची तारीख घातली होती. मी ते ओट्यावर नेलं. अव्वानं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि मग बऱ्याच महिन्यांनी मला म्हणाली, वाच. मी वाचलं. मी बरी आहे. हात आता दुखत नाही. इथं काम मिळालं. ते आता नीट वागतात. सर्वांना नमस्कार. बायकांनी ते तीन-चार वेळा वाचून घेतलं. नरसम्मानं तेलुगूत सांगितलं.

माघात अव्वाचा भाचा भिवंडीहून आला. तो म्हणाला, सुगला गेली. दिवाळीच्या आधीच तिला तिथल्या दवाखान्यात टाकलं होतं. जिन्यावरून पडली, असं नवरा सांगत होता. कमरेखालचं सगळं गेलं होतं. ती तिथून परत घरी आलीच नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून तिनं एक कार्ड मागून घेतलं होतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

अव्वा उठून आत गेली, देव्हाऱ्यामागं ठेवलेलं ते कार्ड घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं.

"वाच," ती म्हणाली. "हाय तसं वाच."

मी वाचलं. मी बरी आहे. हात आता दुखत नाही. इथं काम मिळालं. ते आता नीट वागतात. सर्वांना नमस्कार. एक शब्द बदलला नाही. बायका सुपं मांडीवर घेऊन ऐकत होत्या, आणि त्या दिवशी सगळ्यांचे हात थांबले होते.